लंडनचा वेप, पुण्यातला मुलगा आणि मिस्टरांची सिगारेट

प्रश्न थोडक्यात असा: मिस्टरांचं वय 44, वीसेक वर्षांची सिगारेट, रोज 14-15. लंडनला असलेले दीर वेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर, जाऊन सिगारेटमधून सुटले आणि दिवाळीला येताना भावासाठी एक घेऊन येतो म्हणतायत. त्यातच पुण्यात बारावीला असलेल्या मुलाच्या बॅगेत हायलायटरसारखा दिसणारा, आंब्याचा वास येणारा वेप सापडला. "तिकडे डॉक्टरच सुचवतात ती वस्तू आपल्याकडे बंद का? मिस्टरांना देऊन बघू का? आणि मुलाचं काय करू?"

निकाल आधी सांगतो. मिस्टरांसाठी वेप मागवू नका. तिकडचे डॉक्टर त्यांच्याकडच्या पुराव्यावर बरोबरच बोलतायत. आणि दीर वापरतात ते आणि मुलाच्या बॅगेत सापडलं ते, या नावापुरत्याच सारख्या वस्तू आहेत. ही तीन वाक्यं एकमेकांना छेद देतात असं वाटेल. पण यंत्राच्या आत काय चालतं ते बघितलं की उलगडा होतो.

वेपचे भाग मोजकेच: लिथियमची बॅटरी, तारेची कॉइल, कॉइलशी लावलेला कापूस आणि द्रव भरलेली टाकी किंवा पॉड. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि वासाची रसायनं. झुरका घेतला की कॉइल तापते, कापसातल्या द्रवाचं धुकं होतं आणि ते फुप्फुसात जातं. यात जळत काही नाही, आणि खरा फरक तोच. सिगारेटचं टोक झुरक्याच्या वेळी 900 अंशांच्या आसपास तापतं, तंबाखू जळतो, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. कॅन्सर, हार्ट अटॅक, दम लागण्याचा जुनाट आजार यांचा बहुतेक दोष त्या धुराचा. निकोटीनचं काम वेगळं: ते माणसाला त्या धुराशी बांधून ठेवतं. म्हणून जो रोज 15 सिगारेटी ओढतोच आहे, त्याने त्या पूर्ण बंद करून नियमात बनवलेला वेप घेतला तर त्याच्या अंगात जाणारं विष बरंच कमी होतं. हे मान्य न करता वेपवर बोलण्यात अर्थ नाही.

मात्र "95 टक्के कमी धोकादायक" हा आकडा दिरांनी सांगितला असेल, तर तो कुठून आला हेही माहीत असू द्या. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य यंत्रणेने तो 2015 मध्ये उचलून धरला, पण त्याच्या मुळाशी काही तज्ज्ञांनी एकत्र बसून वेगवेगळ्या उत्पादनांना दिलेले गुण होते. रुग्णांवर मोजून काढलेला तो आकडा नाही. दिशा बरोबर आहे, अचूकता उसनी आहे. सिगारेटचा कॅन्सर दिसायला वीस-तीस वर्षं जातात. वेप घराघरांत पोचून तेवढा काळ झालेलाच नाही. शिवाय यंत्र बिघडलं की त्याचा स्वभाव बदलतो. टाकीतला द्रव संपत आला आणि कापूस कोरडा पडला, की तापलेली कॉइल कापूस आणि उरलासुरला द्रव करपवते. तो घशाला ओरखडणारा जळका झुरका म्हणजे फॉर्मल्डिहाइडसारखी रसायनं तयार झाल्याची खूण. हलक्या प्रतीच्या कॉइलमधून निकेल, क्रोमियम, शिसं धुक्यात उतरतं.

आता पुरावा. 2019 मध्ये इंग्लंडमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सिगारेट सोडू इच्छिणाऱ्या 886 जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं: एका गटाला वेप, दुसऱ्याला पॅच (त्वचेवर चिकटवायची निकोटीनची पट्टी) आणि गम (निकोटीनचं च्युइंगगम) असे निकोटीनचे पर्याय, आणि दोघांनाही समुपदेशन. वर्षानंतर वेपच्या गटात 18 टक्के लोक सिगारेटमुक्त होते, दुसऱ्या गटात 9.9 टक्के. जवळजवळ दुप्पट. वेपचे पुरस्कर्ते इथे थांबतात. पण त्याच अभ्यासात पुढचं वाक्य आहे: वर्षानंतर सिगारेटमुक्त असलेल्यांपैकी वेपच्या गटातले 80 टक्के लोक अजून वेप ओढत होते, आणि पॅच-गमच्या गटातले फक्त 9 टक्के लोक अजून ते पर्याय वापरत होते. म्हणजे सिगारेट सुटली, निकोटीन सुटलं नाही. नंतर कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय अभ्यासांचा एकत्र आढावा घेणाऱ्या संस्थेने, अनेक अभ्यास एकत्र केले तेव्हाही कल तोच दिसला. शंभर जणांत वेपने सुमारे 8 ते 10 जणांची सिगारेट सुटली, पॅच-गमने सुमारे 6 जणांची. फरक खरा आहे. जादू मात्र दोन्हीकडे नाही, शंभरातल्या बहुतेकांना एका प्रयत्नात कशानेच यश येत नाही. ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांमध्ये 2021 पासून वेप हा एक पर्याय म्हणून आहे आणि 2023 मध्ये तिथल्या सरकारने 10 लाख लोकांना सिगारेटच्या बदल्यात वेप देण्याची योजना जाहीर केली, ती या आधारावर.

दीर ज्या दुकानातून घेतात तिथे कायद्याने निकोटीनची कमाल मात्रा 1 मिलिलिटरला 20 मिलिग्रॅम आहे, टाकी 2 मिलिलिटरची, रिफिलची बाटली 10 मिलिलिटरची, विक्री 18 वर्षांवरच्यांनाच. द्रवात काय आहे ते आधी सरकारकडे नोंदवावं लागतं. अभ्यासातले आकडे या चौकटीतल्या वस्तूंचे आहेत. इकडे गुपचूप विकल्या जाणाऱ्या डबीला ते लावता येत नाहीत.

मुलाच्या वेपवर बहुतेक "5 टक्के" असं काहीतरी छापलेलं असेल. 5 टक्के म्हणजे 1 मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम. अशा वस्तूत 10 मिलिलिटर द्रव असेल, तर आत 500 मिलिग्रॅम निकोटीन. ब्रिटनमध्ये विकता येत होता तो डिस्पोजेबल, म्हणजे वापरून फेकायचा वेप, 2 गुणिले 20, म्हणजे 40 मिलिग्रॅमचा. एका सिगारेटमध्ये तंबाखूत 10-12 मिलिग्रॅम निकोटीन असतं आणि त्यातलं साधारण एक-दीड मिलिग्रॅम शरीरात जातं. हिशेब तुम्हीच करा. तोही छापलेलं खरं मानून. बेकायदा मालावर छापलेलं आणि आतलं जुळेलच याची कोणी हमी घेत नाही.

एवढं तीव्र निकोटीन पोरांना ओढवतं कसं, घसा जळत कसा नाही? आपल्याकडे तंबाखूला चुना का लावतात ते आठवा. निकोटीन मोकळ्या, अल्कधर्मी रूपात असलं की तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतून झपाट्याने रक्तात शिरतं. चुना तेच घडवतो. पण हेच मोकळं निकोटीन श्वासातून ओढलं तर घशाला झोंबतं, खोकला येतो. जुन्या वेपमध्ये म्हणून फार तीव्र द्रव कोणाला सोसायचा नाही. 2015 मध्ये अमेरिकेत जूल नावाच्या कंपनीचा वेप आला आणि त्याने द्रवात बेन्झॉइक आम्ल घालून निकोटीनचा क्षार वापरला. आम्लामुळे झोंबणं गेलं, आणि फुप्फुसाचा पृष्ठभाग इतका मोठा की तिथून निकोटीन तरीही रक्तात जातंच. अमेरिकी जूलमध्ये 1 मिलिलिटरला 59 मिलिग्रॅम होतं. पहिल्या सिगारेटला खोकल्याने जो अडथळा व्हायचा, तो काढून टाकला. त्यात आंबा, पुदिना, गोड फळांचे वास. आणि एक बारीक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: सिगारेट संपते, विझते, दुसरी पेटवायची की नाही हे ठरवावं लागतं. वेपला शेवटच नाही. वर्गाच्या मागच्या बाकावर, बाथरूममध्ये, रजईत, दिवसभर थोडं थोडं.

निकाल आकड्यांत दिसला. अमेरिकेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात वेप ओढणाऱ्या हायस्कूलच्या मुलांचं प्रमाण 2018 मध्ये 20.8 टक्के, 2019 मध्ये 27.5 टक्के. मग 2020 च्या सुरुवातीला तिथल्या एफडीएने, म्हणजे अन्न-औषध नियामक संस्थेने, फळांच्या वासाच्या पॉडवर कारवाई सुरू केली, पण वापरून फेकायचे डिस्पोजेबल त्यातून सुटले. पोरं सरळ त्यांच्यावर गेली. नियमात एक भोक ठेवलं की बाजार तिथूनच वाहतो, याचं याहून चांगलं उदाहरण नाही. किमान वय 21, पुढच्या कारवाया, शाळांमधली मोहीम, कोविडचा काळ असं सगळं मिळून 2024 मध्ये हा आकडा 7.8 टक्क्यांवर आला. म्हणजे उतरवता येतो. ब्रिटनने 1 जून 2025 पासून डिस्पोजेबल बंद केले, तर त्याच रंगाचे, त्याच आकाराचे, फक्त चार्जिंगची सोय आणि बदलता पॉड असलेले वेप लगेच दुकानात आले. ऑस्ट्रेलियाने 2024 मध्ये विक्री फार्मसीपुरती ठेवली, तिथे सिगारेटवर करही जबर. दोन्हींचा काळा बाजार इतका फोफावला की मेलबर्नमध्ये टोळ्यांनी एकमेकांची दुकानं पेटवली.

2019 मध्ये अमेरिकेत वेपमुळे फुप्फुसं निकामी होऊन मुलं दगावल्याच्या बातम्या होत्या आणि त्याचे व्हॉट्सअॅप संदेश अजून फिरतात. त्या साथीत फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 जण रुग्णालयात गेले, 68 मृत्यू झाले. पण मुख्य कारण गांजातल्या अर्काचे भेसळीचे पॉड आणि त्यात दाटपणासाठी घातलेलं व्हिटॅमिन ई अॅसिटेट हे होतं. साध्या निकोटीनच्या वेपने तसं सरसकट होत नाही. मुलाला घाबरवायला हे वापरू नका. तो पाच मिनिटांत गुगल करेल आणि मग तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवणार नाही. उलट यातला खरा धडा सांगा: कोणी, कुठे भरलं हे माहीत नसलेल्या पॉडमध्ये काहीही असू शकतं. सिंगापूरमध्ये अलीकडे पॉडमध्ये एटोमिडेट हे भुलीचं औषध सापडू लागलं आणि कायदा आणखी कडक करावा लागला. (सिंगापूरला सहलीला जाणार असाल तर मुलाची बॅग घरीच तपासा. तिथे 2018 पासून वेप जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे.)

आता आपला कायदा. 18 सप्टेंबर 2019 ला वटहुकूम आला आणि त्याच डिसेंबरमध्ये कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठा, जाहिरात, सगळ्यावर बंदी. पहिल्या गुन्ह्याला 1 वर्षापर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास 3 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड. साठ्यासाठी 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ओढणं हा गुन्हा म्हणून कायद्यात वेगळा लिहिलेला नाही, पण कोणत्याही स्वरूपात, कितीही प्रमाणात जवळ बाळगणं हे उल्लंघनच, अशी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची 2023 पासूनची भूमिका आहे. दिरांनी बॅगेतून आणणं ही आयात. मुंबई विमानतळावर कस्टमवाल्यांनी काढून घेतलं तर बोलायला जागा नाही. आणि समजा एक आणला, तर त्याचे पॉड, कॉइल, द्रव पुढे कुठून येणार? महिन्याभरात गाडी त्याच काळ्या बाजाराच्या मालावर येते.

बंदी योग्य की अयोग्य यावर माझं मत विचाराल तर: हेतू चुकीचा नव्हता, अंमल लंगडा आहे. टीकाकार म्हणतात की जास्त घातक सिगारेट टपरीवर राजरोस आणि कमी घातक वस्तू बंद, हा उलटा न्याय आहे. आक्षेपात तथ्य आहे. महाराष्ट्राने सप्टेंबर 2020 मध्ये सुट्टी सिगारेट-विडी विकायला बंदी केली; आज कोणत्याही टपरीवर उभं राहून पाहा. ज्या यंत्रणेला सुट्टी सिगारेट थांबवता येत नाही, ती वेपची मात्रा, वय, वास यांचे ब्रिटनसारखे बारीक नियम पाळून घेईल, यावर माझा विश्वास नाही. म्हणून मला सरसकट बंदी कमी वाईट वाटते. दुसरं असं की हा वाद मुळात सिगारेटच्या देशांचा आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के होते आणि तंबाखू-चुना, मिश्री, गुटखा, खर्रा अशा धूरविरहित तंबाखूचे 24.4 टक्के. ज्याच्या गालात तंबाखूची गोळी आहे त्याला वेपने मिळण्यासारखं काहीच नाही. त्याला धूर टाळायचा नाहीये, तोंडाचा कॅन्सर टाळायचाय.

मुलाकडे आधी वळतो, कारण त्याचा प्रश्न लवकर हाताळला तर लवकर सुटतो. पहिल्या दिवशी चौकशी करा, खटला चालवू नका. चार गोष्टी कळायला हव्यात: किती दिवस, एक वेप किती दिवसांत संपतो, उठल्यावर किती वेळात पहिला झुरका, आणि रात्री उठून ओढतो का. अधूनमधून मित्राच्या वेपचा झुरका घेणाऱ्याला औषध लागत नाही. त्याला मित्रांत नाही कसं म्हणायचं हे लागतं. उठल्या उठल्या अर्ध्या तासात हात वेपकडे जात असेल आणि एक वेप आठवड्यात संपत असेल तर तो निकोटीनच्या आहारी गेलाय, आणि एका दिवसात बंद करायला लावलं तर चिडचिड, झोप उडणं, अभ्यासात मन न लागणं हे तीन-चार दिवस जोरात येणारच. हे वागणं उद्धटपणाचं नाही, निकोटीन तुटल्याचं आहे, हे घरातल्या मोठ्यांना आधी सांगून ठेवा. पूर्वपरीक्षेच्या आठवड्यात सुरुवात करू नका. 18 वर्षांखालच्या मुलाला निकोटीनचं गम स्वतःहून देऊ नका. गरज आणि मात्रा डॉक्टर ठरवतील. पैसे कुठून जातात ते बघा, यूपीआयची हिस्टरी बरंच सांगते. विकणाऱ्याची तक्रार करायची तर या कायद्याखाली फौजदारापासून वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी झडती आणि जप्ती करू शकतो. आणि घरात लहान मूल असेल तर सापडलेला वेप आजच त्याच्या हाताबाहेर ठेवा; तो गोड वासाचा द्रव चमचाभर पोटात गेला तरी जिवावर बेतू शकतं. टाकून देताना ओल्या-सुक्या कचऱ्यात नको, आत लिथियमची बॅटरी आहे, ई-कचऱ्यात द्या.

मिस्टरांचं. रोज 14-15 म्हणजे मध्यम व्यसन. खरी कसोटी ही की सकाळची पहिली सिगारेट उठल्यापासून किती मिनिटांत? अर्ध्या तासाच्या आत असेल तर शरीराची मागणी जास्त आहे, आणि नुसत्या निश्चयावर भागवू नये. तीन-चार दिवस पाकिटावरच पेनाने प्रत्येक सिगारेटची वेळ आणि कारण लिहायला सांगा: चहा, जेवण, फोन, ट्रॅफिक, बॉस. मग दोन आठवड्यांच्या आतली एक तारीख ठरवा. त्या तारखेपर्यंत कमी केल्या तरी चालतील, पण तारखेनंतर शून्य. "रोज एकच ओढतो" हे गणित हृदयाला मान्य नाही. रोज एक सिगारेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा जादा धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो, विसावा हिस्सा नाही. घरात वेप आणि बाहेर सिगारेट असं दोन्ही चालवणारे फसतात ते याच कारणाने.

रोज 10 पेक्षा जास्त सिगारेटी असल्या तर 24 तासांचा 21 मिलिग्रॅमचा पॅच 6 आठवडे, मग 14 मिलिग्रॅमचा 2 आठवडे, मग 7 चा 2 आठवडे. रोज सकाळी नवीन पॅच, दंड, पाठ किंवा छातीच्या वरच्या भागावर, केस नसलेल्या कोरड्या जागी, रोज जागा बदलून. अंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करा, तेल-पावडर लावू नका, तळव्याने 10 सेकंद दाबून धरा. मे महिन्यातल्या घामाने कडा सुटतात, त्यावर कागदी चिकटपट्टी लावा. लाल चट्टा आणि खाज येणं नेहमीचं. विचित्र स्वप्नं पडून झोप मोडत असेल तर रात्री काढून ठेवा. पॅच पार्श्वभूमीची मागणी भागवतो. अचानक उसळणारी तलफ त्याने भागत नाही, तिच्यासाठी सोबत 2 मिलिग्रॅमचं गम. दोन्ही मिळून वापरण्याचा फायदा एकट्या एकापेक्षा जास्त. एकटं गमच घ्यायचं असेल आणि पहिली सिगारेट अर्ध्या तासाच्या आत असेल तर 4 मिलिग्रॅम, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीने. पहिले 6 आठवडे दर एक-दोन तासांनी एक, म्हणजे दिवसाला 8-10 तरी. लोक दोन-तीन खातात आणि गमने काही होत नाही म्हणतात.

त्याहून मोठी चूक चावण्यात होते. हे मिठाईचं च्युइंगगम नाही. हळूहळू चावायचं, तिखट-झिणझिण्या आल्या की थांबायचं आणि गाल-हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं. झिणझिण्या गेल्या की पुन्हा दोन-चार वेळा चावायचं, दुसऱ्या गालात ठेवायचं. असं अर्धा तास. सलग चावलं तर निकोटीन थुंकीबरोबर पोटात जातं; तिथून उपयोग थोडाच होतो, उचक्या आणि जळजळ मात्र पुरेपूर. आणि इथे मघाचा चुन्याचा मुद्दा परत लागू होतो. गममध्ये तोंड अल्कधर्मी ठेवणारा घटक घातलेला असतो. चहा, कॉफी, कोला, लिंबू सरबत, संत्र्याचा रस तोंड आंबट करतात आणि निकोटीन गालातून शिरतच नाही. म्हणून गमच्या आधी 15 मिनिटं आणि गम तोंडात असताना पाण्याशिवाय काही नको. चहाबरोबर तलफ येणाऱ्या मराठी माणसाची गाडी नेमकी इथे अडते: तो चहा पिता पिता गम चावतो, तलफ जात नाही, आणि खाली टपरीवर जातो. उपाय सोपा: गम चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी, म्हणजे चहाच्या वेळी ते तोंडात नसेल, आणि पहिले दोन आठवडे चहा टपरीवर नाही, ऑफिसच्या पँट्रीत किंवा घरी.

गोळ्यांमध्ये व्हरेनिक्लिन चांगली. पहिले 3 दिवस 0.5 मिलिग्रॅम एकदा, मग 4 दिवस 0.5 दोनदा, आठव्या दिवसापासून 1 मिलिग्रॅम दोनदा, एकूण 12 आठवडे. सिगारेट सोडायची तारीख साधारण आठवा दिवस. मळमळ हा मुख्य त्रास, म्हणून भरल्या पोटी, मोठा ग्लास पाण्याबरोबर. या गोळीने डोकं फिरतं अशी भीती होती. 8,144 जणांवरच्या 2016 च्या अभ्यासात मानसिक त्रासात तशी लक्षणीय वाढ दिसली नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्रा बदलते, चिठ्ठी डॉक्टरांचीच हवी. ब्युप्रोपियन हा दुसरा पर्याय, पण फिट्सचा इतिहास असेल तर नाही.

एक गोष्ट क्वचित सांगितली जाते. सिगारेटच्या धुरामुळे यकृतातलं एक एन्झाइम जोरात चालतं आणि काही औषधं, तसंच कॅफिन, लवकर निघून जातं. हे निकोटीनमुळे होत नाही, धुरामुळे होतं, त्यामुळे पॅच लावलेला असला तरी सिगारेट बंद होताच काही दिवसांत वेग उतरतो. कॉफी तेवढीच चालू ठेवली तर हात थरथरतात, झोप उडते, आणि माणूस त्याला सिगारेट सोडल्याचा त्रास समजतो. कॉफी निम्मी करा. मिस्टर किंवा घरातलं कोणी क्लोझापिन, ओलान्झापिन किंवा दम्यासाठी थिओफिलिन घेत असेल तर सिगारेट सोडायच्या आधी त्या डॉक्टरांना सांगणं आवश्यक आहे, कारण तीच मात्रा अचानक जास्त ठरते.

पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट, दोन ते चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. तलफेची एक लाट तीन ते पाच मिनिटांची. तेवढ्या वेळात जिना उतरा, पाणी प्या, बडीशेप चघळा, फोन लावा, काहीही. बद्धकोष्ठ होतं, इसबगोल घ्या. वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वजन वाढतं. त्यासाठी पहिल्याच महिन्यात डाएट सुरू करू नका, एका वेळी एकच लढाई. एखादी सिगारेट ओढली गेलीच, तर पॅच-गम बंद करू नका. ती का ओढली ते लिहा आणि त्याच दिवशी पुन्हा शून्यावर या. बहुतेक जण घसरतात ते एका सिगारेटमुळे नाही, त्या रात्री "आता मोडलंच" म्हणून आणलेल्या पाकिटामुळे. लग्नाची पार्टी आणि दारू ही सगळ्यात धोक्याची जागा. पहिले दोन महिने दारू टाळता आली तर उत्तम.

फोनवरच्या मदतीसाठी राष्ट्रीय क्विटलाइन 1800-11-2356, फुकट. हा नंबर सिगारेटच्या पाकिटावर छापलेलाच असतो. पाठपुरावा पहिल्या आठवड्यात एकदा, मग चौथ्या आणि बाराव्या आठवड्यात. ज्या केंद्रात श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं यंत्र आहे तिथे नेता आलं तर न्या. सिगारेट पूर्ण बंद केल्यावर दोनेक दिवसांत आकडा न ओढणाऱ्याइतका खाली येतो आणि तो स्वतःच्या डोळ्यांनी बघण्याचा परिणाम माझ्या सांगण्यापेक्षा जास्त होतो. गम 12 आठवड्यांनंतर दर आठवड्याला एक-दोन कमी करत आणा. काही जणांचं ते सहा महिने चालतं, कोणाचं वर्षभर. सिगारेट बंद असेल तर त्याची घाई करू नका.